सातव्या रेघेनंतर

“माझ्याच किल्ल्यात तिकीट काढून जायचं?” बाबा फाटकापाशी अडून बसले. बत्तीस वर्षं ते इथले राखणदार होते. माझ्या लेकीनं, देलफीननं, बोट धरून ओढलं तेव्हा कुठे आत आले. खाली आओस्ताच्या रस्त्यावर घंटा वाजत होत्या. उन्हाळा संपवून गुरं डोंगरावरून उतरत होती.

स्वयंपाकघरात गाइड मुलीनं दाराआडच्या भिंतीवर विजेरी रोखली. “या रेघा बघा. सरदारांच्या लेकीची उंची, दर वर्षी एक. सातवीनंतर एकही नाही. प्लेगमध्ये गेली असणार बिचारी.”

सगळे हळहळले. मी बाबांकडे बघायचं टाळलं.

“मेलीबिली नाही ती,” बाबा म्हणाले. “चांगली धडधाकट आहे. मावशीकडे तोरिनोला शाळेत घातली आणि तिथलीच झाली. गुरं उतरायच्या दिवशी नक्की येते म्हणायची, दर वर्षी.”

गाइड हसली. “आजोबा, पाचशे वर्षं झाली त्याला!”

“मलाही तेवढीच वाटतात गं.”

मी खाली बसले, देलफीनचे बूट काढले आणि तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं. गाइड काहीतरी बोलणार होती. मग माझ्याकडे बघून तिनं विजेरीच तेवढी जवळ धरली. बाबांनी वाकून देलफीनच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला.

“टाचा टेकव आधी,” ते म्हणाले. “तुझी आईपण अशीच चवड्यांवर उभी राहून मला फसवायची.”