मालकांचा चेहरा

ओठाचा कोपरा तिने माउसने धरला आणि केसभर खाली ओढला. पडद्यावरच्या म्हाताऱ्याचं हसू मावळलं.

फोटो जुना, डागाळलेला होता. लाकूड कोरणाऱ्या मशीनला फोटो कळत नाही, रेषा कळते. कॉम्प्युटरने आपल्या मनाने काढलेल्या रेषा करवतीच्या दातांसारख्या आल्या होत्या. हनुवटीवर तर पुरळ उठावं तसे शेकडो बिंदू. ते सगळं पुसून ती हाताने रेष न् रेष काढत होती. वारलेल्या मालकांचा चेहरा त्यांच्या मुलांना सागवानी फळीत कोरून हवा होता, कारखान्याच्या दारात लावायला.

"हसरे दिसू देत हं," धाकट्याने बजावलं होतं. तिला त्याने ओळखलं नव्हतं.

याच कारखान्यात तिचे वडील नक्षीकाम करायचे. बारा वर्षांची असताना ती एकदा त्यांचा डबा घेऊन गेली, तर मालकांनी त्यांना सगळ्या कामगारांसमोर उभं केलेलं. पटाशी चोरल्याचा आळ. आधी खिसे उलटे करायला लावले, मग सदरा काढायला लावला. दुसऱ्या दिवशी पटाशी मालकांच्याच टेबलाखाली सापडली. माफी कुणी मागितली नाही. वडिलांनी पुन्हा हत्याराला हात लावला नाही. कुणाच्याही घरातून निघताना ते आपले खिसे चाचपून बघायचे, मरेपर्यंत.

सदरा उतरत होता तेव्हा मालक कसे बघत होते, ते तिला फोटोशिवाय पाठ होतं. तिने एक भुवई वर चढवली. पापणी अर्धी मिटली. नाकपुडीशी खोल घडी घातली. सगळे मिळून अकरा बिंदू हलले. मग फाइल राउटरवर, त्या कोरणाऱ्या मशीनवर, चढवली. दिवसभर मशीन घरघरत राहिलं, भुसा उडत राहिला, आणि ती समोर खुर्ची टाकून बसली. कितीतरी वर्षांनी पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

दोन दिवसांनी धाकटा आईला घेऊन आला. दोघांना समोर उभं करून तिने फळीवरचं कापड ओढलं.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" धाकटा ओरडला. "बाबा असे कधी दिसायचे?"

"माझ्या वडिलांचा सदरा उतरवला, तेव्हा," ती म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता दुसरा करा, नाहीतर..."

"थांब रे जरा."

म्हातारी पुढे झाली. चष्मा पुसून तिने फळीकडे पाहिलं आणि नकळत एक पाऊल मागे सरली. आता ही रडणार, शिव्याशाप देणार. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

म्हातारीचा आवाज मात्र शांत होता.

"खोलीचं दार लागलं की हे असेच दिसायचे," ती मुलाला म्हणाली. "हीच लाव. चाळीस वर्षं मी एकटीने पाहिलं, आता सगळ्यांना पाहू दे."