खालची पट्टी

नांदुऱ्याच्या महिला मंडळाला आपल्या वृंदगानाचं रेकॉर्डिंग बुलढाण्याच्या स्पर्धेला पाठवायचं होतं. सराव घेणाऱ्या वत्सलाताईंनी ते आदल्या दिवशी आपल्या फोनवर करून ठेवलं होतं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या चारुलतेला मात्र ते मुळीच पसंत नव्हतं.

"भूपाची बंदिश आहे ही, ताई. प्रसन्न वाटायला हवी. आपण पट्टी इतकी खालची घेतो आणि लय इतकी संथ ठेवतो, की कोणाच्या तेराव्याला बसल्यासारखं वाटतं."

"राहू दे न वं चारू. बरं लागते कानाले."

"कानाला बरं लागून भागत नाही. पट्टी वर न्या, नाहीतर माझं नाव काढा. सगळ्याजणी ऐका आणि तुम्हीच ठरवा," असं म्हणत चारुलतेने ताईंचा फोन उचलून स्पीकरला जोडला.

"सुरुवात सोडून लाव," ताई घाईने म्हणाल्या. "तिथं नुसत्या आमच्या गप्पा हायेत."

"नाही. पहिल्यापासूनच ऐकू."

काल चारुलता कॉलेजातून उशिरा पोचली होती, आणि ती यायच्या आधीच फोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं होतं. स्पीकरवर आधी वृंदातल्या संजीवनीचा आवाज आला, "काऊन हो ताई, पट्टी एवढी खाली घेता?"

मग वत्सलाताईंचा.




"चारूचा आवाज वर पोचत नाही, लय वाढली की दमही लागते. पण तिले सांगू नको बरं, गाण्यात जीव हाये तिचा."