मापभर

जनावरांचे डॉक्टर वजनकाट्याकडे बघून म्हणाले, “अहो आजी, हा कुत्रा आहे की लोड? त्याच्या पायांना हे वजन पेलत नाहीये. आता ताटातलं काहीही द्यायचं नाही. फक्त हे मापभर कोरडं खाणं.” नवरा गेल्यापासून तिच्यासोबत जेवणारा तोच एक होता; एक घास तिचा, एक त्याचा. त्या संध्याकाळी त्यानं कोपऱ्यातलं भांडं चुटकीसरशी चाटूनपुसून साफ केलं आणि ती ताटावर एकटीच उरली. लेकीचा फोन आला. “आई, जेवलीस?” “जेवले.” “रोज ‘जेवलो’ म्हणतेस. आज काय झालं?” “कुठं काय गं!” दुसऱ्या दिवशी तिनं ते माप ताटाशेजारी ठेवलं. स्वतः घास घेतला की मापातला एकच दाणा त्याच्यापुढे धरायची. माप रिकामं होईपर्यंत तिचं जेवण पार निवलं. फोन वाजला. “आई, जेवलीस?” “आत्ताच जेवलो गं आम्ही.”