मापातलं झुडूप

आमचे दादा निवृत्त इंजिन ड्रायव्हर. ज्या फाटकावर त्यांच्याच गाडीखाली त्यांची लेक गेली, ते त्यांनी फळीवर हुबेहूब उभं केलंय. मैलाचा दगड तर असा, की मुंगीनं वाचून वाट धरावी! रोज फळीला गाल टेकून, एक डोळा मिटून ते त्यावरच्या चिमुकल्या इंजिनाच्या खिडकीतून बघतात.

"दिसली का?" वहिनी विचारतात.

"नाही गं. झुडूप आड येतं. मापात आहे ना ते?"

"अहो, मी बघून आले होते. माझ्या खांद्याला लागत होतं."

"मग ब्रेक कसा लावणार होतो मी?"

"कसा लावणार! चला, जेवून घ्या."

दादा हात धुवायला जातात. वहिनी भांड्याच्या हिरव्या घासणीतून कातरलेल्या त्या झुडपाची सुटत आलेली फांदी पुन्हा घट्ट डकवतात.

त्या फाटकाजवळ गवताची काडीसुद्धा नव्हती.