पाकिटावरचा चेहरा

आमच्या काळ्या मसाल्याच्या पाकिटासाठी लोगो काढणारी पोरगी कागद घेऊन आली. माझा चेहरा झकास उतरला होता, फेंदारलेल्या नाकासकट. चित्रात माझ्या मागे मात्र मिरच्यांची देठं खुडत एक बाई बसलेली.

"ही कोण गं?"

"परवा मला चहा दिला त्या काकू. पण आजी, लोगोत एकच चेहरा हवा, तरच गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो. यांना पुसते."

परवा घरात मी एकटीच होते. चहाचं तर मी विचारलंही नव्हतं.

फोटोनं आयुष्य घटतं म्हणून माझी सून सगुणा जन्मभर फोटो चुकवत राहिली, आणि तरी गेल्या पोळ्याला देवाघरी गेली. कागदावरच्या बाईच्या हनुवटीवर तिचंच गोंदण होतं.

"माझं थोबाड पूस," मी म्हणाले. "हिचा घरात एकही फोटो नाही."