दिवाणावरचा पसारा

सुनंदाने पिसं भरलेलं जाड जाकीट अंगात घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, कानटोपी चढवली आणि टीव्हीच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली. मार्चातली बडोद्याची दुपार. पंखा पाचवर फिरत होता, तरी मिनिटभरात तिच्या पाठीवरून घामाची धार लागली.

तिचा नवरा अविनाश खुर्चीत बसून क्रिकेट बघत होता. त्याने मान थोडी तिरकी केली आणि तिच्या बाजूने स्कोर पाहून घेतला.

"थंडी वाजत असेल तर पंखा कमी कर," तो म्हणाला.

तिने जाकीट काढलं. आठवडाभर हॉलमधल्या दिवाणावर पसारा वाढत होता. लोकरी मोजे, थर्मलचे जोड, फतेगंजातून आणलेले बर्फात चालायचे बूट, दुमडत्या काठ्या, डोक्याला बांधायची बॅटरी, आणि मधोमध तोंड वासून पडलेली नवी कोरी लाल सॅक. आतल्या खोलीत जागा भरपूर होती. पण तिने ठरवूनच टाकलं होतं, सामान त्याच्या नाकासमोर भरायचं आणि त्याने विचारलं की सांगायचं. उत्तरही तयार होतं. उत्तराखंडात चाललेय, बर्फात, तंबूत झोपणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी जाणार. हे शेवटचं वाक्य तर ती पोळ्या लाटताना रोज म्हणून बघत होती.

पण विचारायचं त्याच्या मनातच येत नव्हतं. एकदा त्याने चहाचा कप बुटांच्या खोक्यावर ठेवला. एकदा स्लीपिंग बॅग उशाला घेऊन दुपारची मस्त झोप काढली. आणि गाडी तर उद्या सकाळची होती.

तिने भरायला घेतलं. स्लीपिंग बॅग तळाशी, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले कपडे. मुद्दाम सावकाश, पिशव्या चुरचुरतील असे.

"आवाज," अविनाश म्हणाला.

दार उघडंच होतं. शेजारच्या रंजनबेन ढोकळ्याची ताटली घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"ओहो सुनंदाबेन! आ बधुं लईने क्यां उपड्यां?"

कुठे निघालात! आठवडाभर ती ज्या प्रश्नाची वाट बघत होती, तो रंजनबेननी चप्पल काढायच्या आत विचारला. उत्तर तोंडाशी आलं, पण ते त्यांच्यासाठी नव्हतंच. तिने अविनाशकडे पाहिलं.

"क्यांय नहीं," अविनाशनेच सांगून टाकलं. "जूनां कपडां काढ्यां छे. वासणवाळीने आपवानां."

म्हणजे त्याने पाहिलं होतं. आठवडाभर सगळं पाहिलं होतं, आणि ही जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडं घेणार, एवढा अर्थ लावून मोकळा झाला होता. रंजनबेननी बुटाला लटकणारं लेबल पाहिलं, सुनंदाकडे पाहिलं, आणि ताटली ठेवून निघून गेल्या.

अविनाश उठून आत गेला. आला तेव्हा त्याच्या हातात निळा स्वेटर होता. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत, त्याच्या रिफायनरीतल्या रात्रपाळीसाठी सुनंदाने विणलेला. त्याने तो सॅकवर टाकला.

"हाही देऊन टाक. उगाच जागा अडवतो."

सुनंदाने स्वेटर उचलला. कोपरावर तिनेच केलेला रफू होता. इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं. तिने नीट घडी घातली, स्वेटर सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवला आणि चेन ओढली.

"बोहारीण कधी येणार आहे?" खुर्चीत बसता बसता त्याने विचारलं.

आठवड्यातला त्याचा पहिला प्रश्न.

"उद्या सकाळी," सुनंदा म्हणाली. "दिल्लीच्या गाडीनं."

"बरं," अविनाश म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. "या वेळी पातेलं जरा जाड बघून घे."