चाकाचा घेर

उतार संपला तिथे, पेट्रोल पंपासमोर, निरीक्षकबाईंनी ब्रेक दाबले आणि सायकलच्या मीटरवर कमाल वेगाचा आकडा पाहिला. ६०.८. आजवरचा त्यांचा उच्चांक ५७.८ होता. वय छप्पन्न, आणि उजवा गुडघा असा की परवा, मंगळवारी, त्याचं ऑपरेशन.

धाकटा भाऊ पाण्याची बाटली घेऊन धावत आला. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं आणि आकडा ऐकून एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की पंपावरचा माणूस गाडीत पेट्रोल भरता भरता वळून बघायला लागला. ऑपरेशननंतर सायकल चालवा, पण भाजी आणण्यापुरती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे साठ गाठायचे तर आजच, नाहीतर राहिलेच. आणि ते गाठले होते. बाईंना इतका आनंद झाला की पाणी प्यायचंही सुचेना.

मग सवयीने त्यांनी मीटरवर अंतर पाहिलं.

वरच्या पाण्याच्या टाकीपासून खाली पंपापर्यंत दोन किलोमीटर चारशे मीटर. चार वर्षं दर रविवारी हाच आकडा. आज तिथे दोन किलोमीटर चारशे नव्वद होते. रस्ता रातोरात नव्वद मीटर लांबला असेल, हे मानायला बाई तयार नव्हत्या. वजनमाप खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. काटा किलोमागे वीस ग्रॅम खात असेल तर बाईंना ते दुकानाच्या पायरीवरूनच कळतं, असं बाजारात बोललं जायचं.

काल टायर बदललास तेव्हा मीटरला हात लावला होतास का, असं त्यांनी विचारलं. धाकटा पंपाकडे बघायला लागला. जुना टायर पार झिजला होता, नवा चांगला मिळाला, असं काहीबाही सांगत राहिला. बाईंनी तोवर मीटरची दोन बटणं दाबली होती. चाकाचा घेर किती धरायचा ते मीटरला सांगावं लागतं, त्यावर ते वेग काढतं. तो घेर कुणीतरी ऐंशी मिलिमीटरने वाढवून ठेवला होता.

धाकट्याचा फोटोंचा स्टुडिओ होता. गिऱ्हाइकाने न सांगताच त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसून द्यायची, ही त्याची रीत. आजवर एकाचीही तक्रार आली नव्हती.

"जरासा वाढवला," तो म्हणाला. "दोन वर्षं त्या साठपायी जिवाचं रान करतेयस, ताई. म्हटलं, ऑपरेशनला समाधानाने जाशील. आणि एवढं कोण मोजत बसतंय?"

"मी."

बाईंना राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. मिनिटभराचा तो आनंद अगदी खरा होता, आणि आता तो परत करायचा होता. त्यांनी मनात हिशेब केला. खरा वेग अठ्ठावन्न पॉइंट सहा, त्यांनी सांगितलं. धाकट्याने लगेच तेच उचलून धरलं, म्हणजे उच्चांक मोडलाच की, मग चल घरी. मोडला होता, पण साठ झाले नव्हते.

त्यांनी पिशवीतून पोलादी टेप काढली. ती त्यांच्याजवळ रविवारीही असे. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणला, रस्त्यावर विटेच्या तुकड्याने खूण केली, सीटवर बसून चाक एक फेरा पुढे नेलं आणि दुसरी खूण धाकट्याला करायला लावली. टेपही त्यालाच धरायला लावली. दोन हजार एकशे छत्तीस मिलिमीटर. तो आकडा मीटरमध्ये घातला आणि ६०.८ पुसून टाकला.

पुन्हा चढ चढू नकोस, गुडघ्याची वाट लागेल, असं तो काकुळतीला येऊन सांगत होता.

"परवापासून गुडघा डॉक्टरांचा," बाई म्हणाल्या. "आज माझा आहे. बाजूला हो."

चढावर गुडघ्याने प्रत्येक फेऱ्याला कुरकुर केली. बाईंनी ऐकून घेतली आणि पायडल मारत राहिल्या. टाकीपाशी त्यांनी मीटर शून्यावर आणलं, मोठा श्वास घेतला आणि सायकल सोडली. पहिल्या वळणापर्यंत ताकद राखली. मग सरळ रस्ता लागला तशा हँडलवर वाकल्या, कोपरं अंगाशी घेतली, सगळ्यात जड गिअर टाकला आणि दात ओठ खाऊन पाय मारायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कानांत वाऱ्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मीटरकडे एकदाही पाहायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं, आणि पाहिलं नाही.

पंपापाशी थांबल्यावर त्यांना पाय सायकलवरून पलीकडे टाकता येईना. धाकट्याने दंडाला धरून उतरवलं आणि कडेच्या कट्ट्यावर बसवलं. विचारायचा त्याला धीर होत नव्हता. बाईंनी मीटर पाहिलं. अंतर दोन किलोमीटर चारशे. कमाल वेग ५९.४.

त्यांनी तो आकडा बराच वेळ पाहिला. सकाळपासून ही गंमत बघणारा पंपावरचा माणूस हात पुसत रस्ता ओलांडून आला आणि किती झाले म्हणून विचारलं. धाकट्याने तोंड उघडलं, ताईकडे पाहिलं आणि खरा आकडा सांगितला.

"म्हणजे साठच धरा की, बाई," तो माणूस म्हणाला.

"काही धरायचं नाही," गुडघा दोन्ही हातांनी दाबत बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. "एकोणसाठ पॉइंट चार. सगळे माझे."